मोठा ट्रेलर ओढायचाय? आधी मुक्काम ठरवा, मग रस्ता

आमच्या पहिल्याच लांबच्या प्रवासात, संध्याकाळी सव्वासात वाजता, मी साडेआठ मीटरचा ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेऊन एका गल्लीत अडकलो. नकाशाच्या ॲपने चार मिनिटं वाचतील म्हणून एक वळण सुचवलं, मी भाबडेपणाने ते घेतलं, आणि तीनशे मीटरवर रस्ताच संपला. समोर बंद फाटक, दोन्ही अंगांना चर. बायको टॉर्च घेऊन मागे चालत होती, मी तिच्या हाताच्या खुणांवर वीतवीत मागे येत होतो. चार मिनिटं वाचवायला गेलो आणि तास-सव्वा तास घालवून बसलो. मागचा कोपरा खांबाला घासला तो वेगळाच.

नुसती गाडी असते तेव्हा चुकलो तर वळून परत येतो, त्यात विचार करण्यासारखं काही नसतं. ट्रेलर लागला की ही सोय गेली. त्यामुळे ट्रेलरच्या प्रवासाची आखणी करताना मी जवळचा रस्ता शोधतच नाही. आत शिरल्यावर बाहेर पडता येणार नाही अशा जागा आधी हेरतो आणि त्या वगळून जे उरतं त्यातून जातो. खालची सगळी माहिती सहा मीटरची पिकअप आणि आठ-नऊ मीटरचा ट्रेलर, म्हणजे एकूण पंधराएक मीटरची जोडी डोळ्यांसमोर ठेवून दिली आहे. तुमचा ट्रेलर छोटा, टन-दीड टनाचा असेल तर यातली निम्मी काळजी खुशाल सोडून द्या.

पहिलं काम: टेप घ्या आणि मोजा

कंपनीच्या पुस्तिकेतले आकडे घेऊ नका. छतावरचा एसी, अँटेना, मागे लावलेला सायकलींचा स्टँड हे त्यात धरलेलं नसतं. ट्रेलर प्रवासाला निघतो तसा भरून, गाडीला जोडून, सपाट जमिनीवर उभा करा आणि मोजा: जमिनीपासून सगळ्यात उंच वस्तूपर्यंतची उंची, गाडीच्या नाकापासून ट्रेलरच्या शेपटापर्यंतची लांबी, आरशांसकट रुंदी. वजन मात्र वजनकाट्यावरच करायचं, अंदाजाने नाही.

हे चार आकडे कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. उंची मीटर आणि फूट दोन्हींत लिहा. पुलावरची पाटी कुठे मीटरमध्ये असते तर कुठे फुटांत, आणि पाटी दिसल्यापासून पूल येईपर्यंतच्या काही सेकंदांत भागाकार सुचत नाही. उंचीत मी वर आणखी दहा-पंधरा सेंटिमीटर धरतो, कारण रस्त्यावर डांबराचा नवा थर पडला की पुलाखालची जागा तेवढी कमी होते, पाटी मात्र जुनीच राहते.

दिवसाला किती चालायचं?

उत्तर अमेरिकेतले जुने ट्रेलरवाले ‘तीन-तीन-तीन’ सांगतात: दिवसाला ३०० मैलांपेक्षा जास्त नाही, दुपारी ३ पर्यंत मुक्कामावर, आणि एका जागी ३ रात्री. ३०० मैल म्हणजे सुमारे ४८० किलोमीटर. नवख्याला हे जास्त होतं असं माझं स्पष्ट मत आहे. पहिल्या दोन-तीन प्रवासांत ३०० ते ३५० किलोमीटरवर थांबा.

वेळेचा हिशोब असा करा. ॲपने दाखवलेल्या वेळेला १.३ ने गुणा आणि थांबे वरून मिळवा. समजा ३६० किलोमीटरला ॲप चार तास सांगतंय. गुणल्यावर झाले पाच तास बारा मिनिटं. वीस-वीस मिनिटांचे दोन थांबे आणि इंधन-जेवणाची चाळीस मिनिटं धरली की साडेसहा तास. साडेआठला निघालात तर तीनला पोहोचाल, दहाला निघालात तर साडेचारला. ॲप तुमच्या गाडीचा वेग रस्त्यावरच्या बाकी गाड्यांसारखा धरतं, आणि इथे बऱ्याच ठिकाणी कायदाच आडवा येतो. कॅलिफोर्नियात काहीही ओढणाऱ्या गाडीला ताशी ५५ मैलांची मर्यादा आहे. जर्मनीत ८० किलोमीटरची आहे, आणि ऑटोबानवर १०० ने जायचं तर वेगळी मान्यता लागते. ब्रिटनमध्ये मोटरवेवर ६० मैल, शिवाय तीन किंवा जास्त लेन असतील तर सगळ्यात उजवी लेन तुमच्यासाठी नाही.

लांबच्या प्रवासाचे टप्पे समान पाडायची खोड असते, ती सोडा. ९०० किलोमीटर तीन दिवसांत जायचं असेल तर मी २४०, ३६०, ३०० असे पाडतो. पहिल्या दिवशी काहीतरी विसरतंच, निघायला उशीर होतोच, आणि हिचचं (गाडी आणि ट्रेलर यांच्या जोडणीचं) काहीतरी नीट करायला अर्ध्या तासाने रस्त्याकडेला थांबावं लागतंच.

मुक्काम आधी, रस्ता नंतर

बहुतेक जण उलटं करतात. रस्ता ठरवतात आणि संध्याकाळ झाली की ‘आता कुठे थांबू या’ म्हणून शोधत बसतात. दमलेल्या डोळ्यांनी, अंधारात, अनोळखी जागी पंधरा मीटरचं धूड वळवायचं! आधी नकाशावर मुक्कामाची जागा पक्की करा. मग त्या जागेचं फाटक ते सगळ्यात जवळचा महामार्ग हा तुकडा आधी तपासा. खरी डोकेदुखी या शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये असते. महामार्ग मालट्रकसाठी बांधलेले असतात, तिथे आपलं फारसं काही अडत नाही.

हा तुकडा उपग्रहाच्या चित्रात मोठा करून बघा. रस्त्यावरून काढलेले फोटो उपलब्ध असतील तर त्यात फाटकापर्यंत ‘चालत’ जा. फाटकाचं वळण काटकोनात आहे का? आत शिरताना रस्त्याच्या मधल्या दुभाजकाला तोड आहे का, की पुढे जाऊन वळून यावं लागणार? झाडांच्या फांद्या खाली आल्यात का? चुकून फाटक मागे पडलं तर पुढे वळायला जागा कुठे आहे, हे घरी बसूनच ठरवून ठेवा.

दोन मुक्काम शोधा: एक ठरलेला, दुसरा त्याच्या साठ-सत्तर किलोमीटर अलीकडे. आणि वाटेतला एक मोठा चौक किंवा शहर ‘निर्णयाची जागा’ म्हणून खुणेला धरा. आमचा नियम आहे, दुपारी दोनपर्यंत ती जागा ओलांडली नाही तर अलीकडच्या मुक्कामाला जायचं. त्यावर वाद नाही. हा नियम सकाळी, पोट भरलेलं असताना केलेला असतो, म्हणून तो पाळायचा.

रस्ता तपासताना

मोठ्या वाहनांसाठीचं नॅव्हिगेशन मिळतं, त्यात उंची-लांबी-वजन भरता येतं. ते घ्याच, पण त्यावर डोळे मिटून विसंबू नका. मी त्याने काढलेला रस्ता पुन्हा एकदा साध्या नकाशावर बोट फिरवून बघतो.

कमी उंचीचे पूल सगळ्यात आधी बघायचे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅम शहरात एक रेल्वेपूल आहे, ज्याने इतक्या ट्रकांची आणि ट्रेलरांची छतं सोलून काढली की तो त्यासाठीच प्रसिद्ध झाला. त्याची उंची ११ फूट ८ इंच, म्हणजे सुमारे ३.५६ मीटर होती. २०१९ मध्ये तो आठ इंच वर उचलला, तरी धडका थांबल्या नाहीत. एसी लावलेला मोठा ट्रेलर सहज सव्वातीन ते साडेतीन मीटर भरतो, त्यामुळे असा पूल आपल्याला निसटता पुरतो किंवा पुरत नाही. कमानीच्या दगडी पुलांना आणखी एक भानगड असते: मधोमध उंची भरपूर, पण कडेला छताचा कोपरा अडकतो.

दुसरी गोष्ट, ट्रेलरला सरळ बंदी असलेले रस्ते. कनेक्टिकटमधला मेरिट पार्कवे नकाशावर छान रुंद दिसतो, पण त्यावर ट्रेलर न्यायला मनाई आहे. ग्लेशियर नॅशनल पार्कमधल्या ‘गोइंग-टू-द-सन’ रस्त्याच्या डोंगरातल्या भागात २१ फुटांपेक्षा लांब किंवा आरशांसकट ८ फुटांपेक्षा रुंद वाहनांना प्रवेशच नाही. म्हणजे आपली तर पिकअपसुद्धा जेमतेम. अशा ठिकाणी ट्रेलर पायथ्याच्या कॅम्पग्राउंडवर सोडून वर छोट्या गाडीने किंवा बसने जायचं. काही बंद्या ऋतूनुसार असतात. वायोमिंगमधल्या टीटन पासवर १० टक्क्यांचे चढ आहेत आणि १५ नोव्हेंबर ते १ एप्रिल या काळात तिथे कुठल्याही ट्रेलरला बंदी असते.

बोगद्यांच्या बाबतीत उंचीइतकंच गॅसकडेही लक्ष ठेवा. ट्रेलरच्या नाकावर प्रोपेनच्या दोन टाक्या असतातच. बाल्टिमोरच्या बंदराखालून जाणाऱ्या दोन्ही बोगद्यांत १० पौंडांपेक्षा मोठी टाकी नेता येत नाही, आणि ट्रेलरवरच्या टाक्या सहसा २० किंवा ३० पौंडांच्या असतात. पूर्वी अशी वाहनं फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून जायची. मार्च २०२४ मध्ये जहाज आदळून तो पूल कोसळला, तेव्हापासून शहराला पश्चिमेकडून वळसा घालावा लागतो. नियम तोच राहिला, पण पर्यायी रस्ता गायब झाला. म्हणून गेल्या वर्षीची आखणी यंदा तशीच्या तशी वापरू नये.

घाट चढायचा कसा, आणि उतरायचा कसा

नवखे लोक चढाची काळजी करतात. चढावर फार तर वेग पडतो, इंजिन तापतं, मागचे लोक वैतागतात. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन दर ३०० मीटर उंचीला साधारण ३ टक्के ताकद गमावतं, तेव्हा ३,००० मीटरवर जवळजवळ तिसरा हिस्सा ताकद गेलेली असते. उजवीकडची किंवा डावीकडची, जी काय संथ लेन असेल ती धरा आणि निवांत चढा.

धोका उतारावर असतो. थोडं गणित करू. गाडी आणि ट्रेलर मिळून ६,३०० किलो. ६ टक्क्यांचा उतार १० किलोमीटर, म्हणजे ६०० मीटर खाली. हे वजन एवढं खाली आणताना जी ऊर्जा मोकळी होते ती जवळपास एक लिटर डिझेल जाळल्यावर निघणाऱ्या उष्णतेइतकी असते. त्यातली काही हवा आणि टायर खातात, बाकीची इंजिनने घ्यायची की ब्रेकने, एवढंच तुमच्या हातात आहे. ब्रेकने घेतली तर करपल्याचा वास येतो, आणि मग पॅडल मऊ पडतं, म्हणजे ब्रेक नीट लागेनासा होतो. उतार सुरू होण्यापूर्वी, माथ्यावरच, खालचा गिअर टाका. वेग वाढला तर ब्रेक ठाम दाबून वेग पुरता खाली आणा आणि पाय काढून घ्या. सतत हलका पाय ठेवून उतरू नका.

आखणीच्या वेळी हे सगळं कसं कळणार? नकाशाच्या ॲपमध्ये सायकलचा पर्याय निवडला की त्या रस्त्याच्या चढउताराचा आलेख दिसतो. ही युक्ती फुकट आहे आणि फारच उपयोगी. ७ टक्क्यांच्या वर लांबलचक उतार दिसला तर पहिल्या वर्षी तो रस्ता मी सोडेन, पन्नास किलोमीटरचा वळसा पडला तरी.

इंधन

मोठा ट्रेलर ओढताना इंधन दुप्पट लागतं असं धरून चाला. ९० लिटरची टाकी, १०० किलोमीटरला २२ लिटर, आणि पाव टाकी कायम राखीव. म्हणजे ३०० किलोमीटरला भरणा. पण भरणा कुठे, हा प्रश्न किती पेक्षा मोठा आहे. पंप जर दुकानाच्या दाराकडे तोंड करून उभे असतील तर आत जाता येतं, बाहेर पडताना दुकानाच्या दारातच नाक अडकतं. रस्त्याला समांतर रांगेत असलेले पंप, त्यातही सगळ्यात बाहेरचा, किंवा मग ट्रकांची वेगळी लेन शोधा. वळताना ट्रेलरची चाकं गाडीच्या चाकांच्या बरीच आतून जातात आणि त्याच वेळी शेपूट बाहेर फेकलं जातं; पंपाभोवतीचे ते पिवळे लोखंडी खांब बरोबर या दोन्हींच्या मध्ये उभे असतात.

त्याहून सोपा मार्ग: मुक्कामावर ट्रेलर सोडला की संध्याकाळी रिकामी गाडी घेऊन जायचं आणि टाकी भरून यायचं. सकाळी भरल्या टाकीने निघालं की दिवसातून एकदाच पंपाचं तोंड बघावं लागतं.

मुक्कामाची जागा पक्की करताना

वाटेतली एक रात्र आणि तीन दिवसांचा मुक्काम यांच्या गरजा वेगळ्या. वाटेतल्या रात्रीसाठी मी गाडी-ट्रेलर सोडवतच नाही. त्यामुळे एकच अट असते: एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघता येईल अशी ‘पुल-थ्रू’ साइट (ट्रेलर उभा करायची जागा), आणि तीही बऱ्यापैकी सपाट. सोडवणं, जॅक लावणं, सकाळी पुन्हा जोडणं हा तासाभराचा खटाटोप वाचतो.

ऑनलाइन बुकिंग केलं तरी एक फोन कराच. साइटची लांबी विचारताना ती ट्रेलरपुरती की गाडीसकट, हे विचारा. यावर मी एकदा फसलोय. फाटकापासून साइटपर्यंतची आतली वळणं कशी आहेत, रात्री फाटक किती वाजता बंद होतं, पाऊस झाला तर जमीन मऊ पडते का, हेही विचारा. गवतावरची सुंदर साइट पावसानंतर साडेतीन टनांचा ट्रेलर गिळते. आणि माझा आवडता प्रश्न: “अलीकडे या साइटवर सगळ्यात लांब ट्रेलर केवढा उभा होता?” फोनवरचा माणूस क्षणभर थांबला आणि “पाहून सांगतो” म्हणाला, की तुम्हाला उत्तर मिळालं.

मागे घेऊनच लावायची साइट असेल तर ती ड्रायव्हरच्या बाजूला वळून शिरणारी मागा. त्या बाजूचं ट्रेलरचं अंग खिडकीतून दिसत राहतं. उलट्या बाजूला फक्त आरशावर भिस्त.

विजेचं एक कोष्टक मनात ठेवा. उत्तर अमेरिकेत ३० अँपिअरच्या जोडणीवर १२० व्होल्टने ३,६०० वॅट मिळतात, ५० अँपिअरवर १२,०००, कारण तिथे १२० व्होल्टच्या दोन तारा येतात. दोन एसी चालवायचे तर ५० च हवी. युरोपात २३० व्होल्टवर ६, १० किंवा १६ अँपिअर असतात. ६ अँपिअर म्हणजे १,३८० वॅट, दोन हजार वॅटची किटली लावली की अंधार.

पाण्याची टाकी भरून निघायचं का, हे मुक्कामावर ठरतं. २०० लिटर म्हणजे २०० किलो. नळजोड असलेल्या ठिकाणी जात असाल तर थोडंसंच घ्या. मात्र टाकी भरली किंवा रिकामी केली की ट्रेलरचा तोल बदलतो, हे विसरू नका: अमेरिकेत हिचच्या बॉलवर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार धरतात, युरोपात गाडीवर आणि हिचवर छापलेली मर्यादा पाळतात. मागचा भाग जड झाला की ट्रेलर शेपूट हलवायला लागतो.

फुकट थांबायच्या जागांचं आकर्षण सगळ्यांना असतं. अमेरिकेत भूमी व्यवस्थापन विभागाच्या बऱ्याच मोकळ्या जमिनींवर साधारणपणे २८ दिवसांत १४ दिवस राहता येतं. न्यूझीलंडमध्ये अशा मुक्कामासाठी २०११ चा स्वतंत्र कायदाच आहे. दुकानांच्या मोठ्या पार्किंगमध्येही कधी थांबू देतात, पण आत जाऊन विचारल्याशिवाय नाही, आणि विचारून थांबलात तरी खुर्च्या-छत बाहेर मांडायचं नाही. जंगलातल्या मातीच्या रस्त्याने जायचं असेल तर ट्रेलर डांबरी रस्त्यालगत सोडून आधी नुसत्या गाडीने, नाहीतर पायी, आत जाऊन बघून या.

निघायच्या दिवशी

वाऱ्याचा अंदाज बघा, वेग आणि दिशा दोन्ही. ट्रेलरची बाजू म्हणजे वीस-बावीस चौरस मीटरचं शीड. बाजूने ताशी ४० किलोमीटरचे झोत असतील तर मी वेग कमी करतो, ६० चे असतील तर निघतच नाही. म्हणून लांबच्या आखणीत एक रिकामा दिवस आणि रद्द करता येणारं बुकिंग ठेवावं. मधेच ट्रेलर डुलायला लागला तर जोरात ब्रेक मारू नका, स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटरवरून पाय काढा आणि ट्रेलरचे ब्रेक हाताने लावायची सोय असेल तर ते हलके लावा.

दर थांब्यावर ट्रेलरभोवती एक फेरी मारा. प्रत्येक चाकाच्या मध्याजवळ हात न्या, टेकवू नका. चारही चाकं सारखीच कोमट असायला हवीत. एकच जास्त तापलं असेल तर बेअरिंग किंवा चिकटलेला ब्रेक, आणि मग त्या दिवसाचा प्रवास तिथेच संपतो. हिचची खीळ, साखळ्या, दिव्यांची केबल यांवरून नजर फिरवायला आणखी एक मिनिट.

मुक्कामाच्या फाटकाशी पोहोचलात की लगेच आत घुसू नका. बाहेर बाजूला उभं राहायला जागा असेल तिथे थांबा, इंजिन बंद करा आणि दोघंही साइटपर्यंत चालत जाऊन या. वीज-पाण्याचा खांब कुठे आहे, कुठली फांदी खाली आलीय, शेजाऱ्याची गाडी किती बाहेर आलीय, हे पायी दिसतं ते ड्रायव्हरच्या सीटवरून दिसत नाही. हाताच्या खुणाही तिथेच ठरवून घ्या. ‘थांब’ची खूण कोणती हे आमच्या घरात दोन वर्षं ठरलं नव्हतं, आणि त्या दोन वर्षांत मागचा डावा दिवा तीनदा बदलून झाला.